जवाब कापला, मनोगत राहिलं

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"मी भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझे बाबा खडी गंमत या लोकनाट्याचे शाहीर. उभं आयुष्य मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, आणि शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांत गात आले. चार वर्षांपूर्वी पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक त्यांच्यावर माहितीपट करायचा म्हणून आला. आमच्या घरी राहिला, जेवला, बाबांकडून ढोलकी शिकला. बाबांचं बोलणं आणि गाणी मी त्याला प्रमाण मराठीत लिहून देत असे. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्यानेच नागपूरला नेऊन करवलं, आमचा एक पैसा लागू दिला नाही.

गेल्या महिन्यात त्याने लॅपटॉपवर जवळजवळ पूर्ण झालेला सिनेमा दाखवला. 80 मिनिटांत बाबा वीस मिनिटंही नसतील. बाकी सगळा तोच. त्याचे आजोबा झाडीतून, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भातून, पुण्याला कसे गेले, वडील वारल्यावर त्याला काय वाटलं, आमच्या तलावाच्या पाळीवर रात्री बसून तो काय विचार करत होता. बाबा त्याला ढोलकीवरून रागावतात तेवढा प्रसंग छान झालाय. पण मंडईच्या रात्री समोरच्या शाहिराचा सवाल पूर्ण ऐकू येतो, बाबा जवाबाला उभे राहतात, दोन ओळी होतात आणि त्यावर याचा आवाज चढतो. बाबा शेवटपर्यंत बघत होते. म्हणाले, 'माह्यावाला जवाब कुठी गेला?' मग म्हणाले, 'जाऊ दे, पोट्टा चांगला हाये.'

दिवाळीनंतरच्या मंडईत हा सिनेमा गावात दाखवायचा आणि बाबांना स्टेजवर बसवायचं असं त्याने ठरवलंय. मला बोलायचं आहे, पण त्याचे उपकार आहेत. शिवाय मला सिनेमातलं काय कळतं? बोलू का? काय बोलू?"

— झाडीतली लेक

ताई, नमस्कार.

बोला. आणि मंडईची वाट बघू नका, या पंधरवड्यातच बोला. 'जवळजवळ पूर्ण' म्हणजे प्रसंगांची जुळणी अजून पक्की झालेली नसावी. ती पक्की झाली की त्यावर ध्वनीचं काम होतं, रंगांचं होतं, सबटायटल्स चढतात, आणि प्रत्येक टप्प्याला पैसे मोजावे लागतात. आज संकलनाच्या टेबलावर एका दुपारी होणारा बदल दोन महिन्यांनी त्याला परवडणार नाही. तेव्हा तो नाही म्हणाला तर ते त्याच्या मनाविरुद्धही असू शकेल. म्हणून घाई करा.

'मला सिनेमातलं काय कळतं' हे वाक्य मात्र खोडून टाका. या सिनेमात जे बिघडलंय ते ओळखायला सिनेमाचं शिक्षण लागत नाही, खडी गंमत कळावी लागते. ती तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कळते, आणि त्याच्या संकलकाला तर बहुधा अजिबात कळत नसावी.

या सदराच्या ज्या वाचकांनी खडी गंमत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, दिवाळीत भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. हलका धान घरात येऊ लागलेला असतो, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, आणि रात्री दंडार असते, नाटक असतं, खडी गंमत असते. ही गंमत उभ्यानेच करायची. तिला पडदा नको, नेपथ्य नको, प्रेक्षक चारी बाजूंनी बसतात. शाहीर, ढोलकीवाला, झांजवाले, बाईच्या वेषात नाचणारा पोरगा. दोन फड समोरासमोर आले की एक सवाल टाकतो, पुराणातला, कोड्यातला, कधी थेट समोरच्याला खिजवणारा, आणि दुसऱ्याला त्याचा जवाब गाऊनच द्यावा लागतो. कलगी आणि तुरा, शक्ती मोठी की शिव मोठा, हा जुना वाद याच सवाल-जवाबांतून चालत आला. शाहिराची किंमत जवाबात ठरते. सवाल पाठ करूनही आणता येतो, जवाबाला मात्र तिथल्या तिथे डोकं लागतं.

आता तुम्ही सांगितलेला प्रसंग याच्या शेजारी ठेवून बघा. समोरच्या शाहिराचा सवाल पूर्ण ऐकू येतो. तुमचे बाबा उभे राहतात, दोन ओळी म्हणतात, आणि दिग्दर्शक आपल्या मनातलं बोलू लागतो. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला इथे काहीच खटकणार नाही. त्याला गाणं म्हणजे मागे चाललेला सूर वाटेल. पण मंडईत, गावासमोर, आणि पंचक्रोशीतून आलेल्या पाहुण्यांसमोर हाच प्रसंग दाखवला तर त्याचा सरळ अर्थ काय होईल? शाहिराला सवाल टाकला आणि त्याच्याकडे जवाब नव्हता. ज्या माणसाने उभा जन्म जवाब देण्यात घालवला त्याला पडद्यावर निरुत्तर करून ठेवलंय, आणि वर स्टेजवर बसवून ते बघायला लावायचं आहे. 'माह्यावाला जवाब कुठी गेला' हा बाबांचा प्रश्न मला म्हातारपणीच्या हळवेपणातून आलेला वाटत नाही. एका कसलेल्या कलावंताने आपल्या कामावर घेतलेला तो नेमका आक्षेप आहे, आणि सबंध सिनेमावर याहून अचूक टीका मला करता आली नसती.

त्या मुलाने हे जाणूनबुजून केलं असेल असं मला वाटत नाही. त्याला कळलंच नाही. चार वर्षं घरात राहून कळलं नाही याचं वाईट वाटतं, पण तसं होतं. कॅमेरा असला की माणूस बघतो खूप आणि ऐकतो कमी.

पण बोलायला जाण्याआधी एक गोष्ट मनात स्पष्ट करून घ्या, नाहीतर संभाषण भलत्या वाटेला लागेल. दिग्दर्शक स्वतः पडद्यावर दिसतो, 'मी' म्हणून बोलतो, यात मुळात काही गैर नाही. तुम्ही 'तू सिनेमात कशाला?' असं विचारलंत तर त्याच्याकडे उत्तर तयार असेल, आणि ते बरंचसं बरोबरही असेल.

तो म्हणेल, जुन्या माहितीपटांत दिग्दर्शक लपून बसायचा आणि तरी सगळं तोच ठरवायचा. खरं आहे. 1948 मध्ये फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं, आणि पुढे कित्येक वर्षं थिएटरात मुख्य सिनेमाआधी सरकारी माहितीपट दाखवले जायचे. त्यात शेतकरी दिसायचा, विणकर दिसायचा, आदिवासी नाचायचे, आणि एक खर्जातला आवाज त्यांच्याबद्दल सगळं सांगायचा. ती माणसं स्वतः तोंड उघडायची क्वचित. त्याही आधी, 1922 मध्ये, रॉबर्ट फ्लाहर्टी याने उत्तर कॅनडातल्या बर्फाळ मुलखातल्या एका इनुइट शिकाऱ्यावर सिनेमा केला. पहिल्या मोठ्या माहितीपटांत त्याची गणना होते. फ्लाहर्टी त्यात दिसत नाही. पण शिकाऱ्याचं नाव बदललेलं आहे, त्याची म्हणून दाखवलेली बायको त्याची नव्हती, बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून घराची एक बाजू उघडी ठेवलेली होती, आणि बंदुका वापरणाऱ्या माणसांना जुन्या भाल्यांनी शिकार करायला लावलं होतं. दिग्दर्शक दिसत नाही म्हणजे सिनेमा प्रामाणिक, असं अजिबात नाही. पुढच्या पिढ्यांनी जेव्हा 'बघा, मी इथे आहे, हे सगळं माझ्या नजरेतून चाललंय' असं पडद्यावर सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यामागे एक चांगली लाज होती.

म्हणजे प्रश्न तो आहे की नाही हा नाहीच. तो तिथे काय काम करतो, एवढं बघायचं.

यावरचं एक उदाहरण त्याला माहीत असण्याची बरीच शक्यता आहे, म्हणून तेच वापरा. फ्रान्सची दिग्दर्शिका आन्येस वार्दा हिने 2000 साली वेचणाऱ्यांवर एक माहितीपट केला. आपल्याकडे धान कापून नेला की मागे बांधीत सांडलेल्या लोंब्यांचा सरवा वेचतात, तसे तिकडे बटाट्याच्या शेतात, द्राक्षाच्या मळ्यात, बाजार उठल्यावर रस्त्यात, उरलेलं वेचून खाणारे लोक. वार्दा तेव्हा सत्तरी ओलांडलेली बाई. त्या सिनेमात ती स्वतःही आहे. एका हाताने छोटा कॅमेरा धरून ती आपल्या दुसऱ्या हातावरच्या सुरकुत्या टिपते. मीही वेचणारीच, मी चित्रं वेचते, असं म्हणते. ते शोभतं, कारण तिचं म्हातारपण त्या टाकून दिलेल्या बटाट्यांपर्यंत आपल्याला नेऊन पोचवतं. ती बाजूला सरकते आणि माणसं बोलू लागतात. त्यांची कामं, त्यांचे हिशेब, त्यांची चिडचिड, सगळं त्यांच्या तोंडून येतं.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढे झालेलं. दोन वर्षांनी वार्दा त्याच लोकांना पुन्हा भेटली आणि त्या भेटींचा दुसरा सिनेमा केला. पहिल्या सिनेमात एक माणूस होता, बाजारातल्या उरल्यासुरल्या भाज्यांवर जगणारा आणि संध्याकाळी परदेशातून आलेल्या मजुरांना फुकट लिहायला-वाचायला शिकवणारा. त्याने तिला तोंडावर सांगितलं की तुमचा सिनेमा चांगला आहे, पण त्यात तुम्ही स्वतःला दाखवलंत त्याची गरज नव्हती. एवढ्या मोठ्या दिग्दर्शिकेने ते वाक्य कापलं नाही, सिनेमात ठेवलं. त्याच्याही बरंच आधी, 1961 मध्ये, जाँ रूश आणि एदगार मोरँ या दोघांनी पॅरिसमधल्या माणसांवर केलेला सिनेमा त्याच माणसांना दाखवला आणि त्यावर त्यांनी काय म्हटलं तेही सिनेमात घेतलं. तेव्हा सिनेमातल्या माणसाने दिग्दर्शकाला 'हे बरोबर झालं नाही' असं सांगणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. या कलेत त्याला चांगली साठ वर्षांची परंपरा आहे. तुम्ही त्यातलंच एक काम करणार आहात.

आता तुमच्या घरच्या सिनेमाकडे. ढोलकीचा प्रसंग तुम्हाला आवडला हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण त्यातच सगळं उत्तर आहे. तिथे तो आहे, पूर्ण फ्रेममध्ये आहे, चुकतोय, आणि बाबा त्याला रागावतायत. त्याच्या चुकण्यामुळे आपल्याला बाबांचा कान कळतो, त्यांची शिस्त कळते, ते कसे शिकवतात ते कळतं. तो नसता तर हे दिसलंच नसतं. हा प्रसंग राहिलाच पाहिजे, उलट थोडा लांबवला तरी चालेल. तलावाच्या पाळीवर तो एकटा बसून बोलतो तिथे मात्र बाबा नाहीत, गाव नाही, आणि तलावही नुसता शोभेला आहे. तो मामा तलाव असेल, म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातला तलाव, तर कोणाच्या धानाला त्याचं पाणी जातं, गाळ शेवटचा कधी काढला, मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे, यातलं काहीही त्या प्रसंगात येत असेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. अंधार, पाणी आणि पुण्याचा मुलगा.

तो ढोलकी शिकलाय, म्हणून त्याला त्याच भाषेत सांगता येईल. गंमतीत ढोलकीवाला रात्रभर सगळ्यांना दिसतो आणि रात्रभर ऐकू येतो. त्याच्यावाचून गंमत उभीच राहत नाही. पण शाहिराने तोंड उघडलं की त्याचा हात खाली येतो. हे बाबांनी त्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं असणार.

त्याने असं का केलं, याचाही विचार करा, कारण तो समजला तर तुम्हाला राग आवरून बोलता येईल. माहितीपटाला पैसे मिळणं अवघड असतं. निधीसाठी अर्ज करायचा तर दिग्दर्शकाला हमखास विचारतात की हा सिनेमा तुम्हीच का करावा, या विषयाशी तुमचं वैयक्तिक नातं काय. 'मला हे शाहीर थोर वाटतात' एवढं उत्तर पुरत नाही. मग माणूस आपल्या घरात शोधू लागतो. आजोबा झाडीतले निघतात, वडील नुकतेच गेलेले असतात, आणि अर्जात लिहिलेलं ते नातं हळूहळू पटकथेत आणि पटकथेतून पडद्यावर पसरतं. संकलनाच्या खोलीतल्या अशा चर्चांना मी बसलेली आहे. दुःख खोटं नसतं. तुमच्या दिग्दर्शकाचंही नसेल. वडील गेल्यावर दुसऱ्याच्या बापाजवळ बसून राहावंसं वाटणं ही किती माणसासारखी गोष्ट आहे! त्याचा सिनेमा त्याने जरूर करावा, आजोबांचा, वडिलांचा, झाडी सोडून गेलेल्या कुटुंबाचा. झाडीतल्या वडसा स्टेशनवर उतरून त्याने आपलं गाव शोधावं. मी तो सिनेमा आनंदाने बघेन.

पण तुमच्या दारात तो वेगळं सांगून आला होता. बाबांनी चार वर्षं दिली ती खडी गंमत लोकांना कळावी म्हणून. मंडईत समोरच्या फडाने कॅमेऱ्यासमोर गायला होकार दिला तोही त्यासाठीच. ज्या कामासाठी माणसांनी आपला वेळ आणि आपली गाणी दिली ते काम बाजूला ठेवून त्याच सामानातून दुसरंच उभं केलं, तर देणाऱ्याला विचारायला हवं होतं. माझा आक्षेप फक्त इथे आहे, आणि तो मला गंभीर वाटतो.

आता उपकार. ऑपरेशन त्याने करवलं, चांगलं केलं, बाबांना दिसू लागलं. त्याबद्दल आयुष्यभर त्याचं नाव घ्या. पण ती माया होती, आणि तिच्या मोबदल्यात तुम्ही गप्प बसावं असं त्यालाही वाटत नसेल. वाटत असेल तर ती माया नव्हती. शिवाय हिशेबच मांडायचा तर पूर्ण मांडा. चार वर्षं त्याचं राहणं-जेवणं तुमच्या घरी झालं. शाळा सांभाळून रात्री जागून तुम्ही झाडीबोलीतली गाणी त्याला उलगडून दिलीत. हे काम शहरात कोणी केलं असतं तर त्याचे पैसे लागले असते. बाबा दुसऱ्या गावात गायला जातात तेव्हा बिदागी घेतात. इथे काही घेतली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि लिहिलं नाही म्हणजे बहुधा घेतली नसावी. हे सगळं त्याच्यासमोर मांडा असं मी म्हणत नाही. तुमच्या मनातलं 'आपण त्याचे देणेकरी' हे ओझं उतरावं म्हणून लिहिलं.

सगळ्यात आधी मात्र बाबांशी बोला. 'जाऊ दे' म्हणाले ते. तुम्ही त्यांच्या वतीने भांडायला गेलात आणि त्यांना ते नकोच असेल तर तुम्हीही त्यांचा आवाज बाजूला सारलात असं होईल. एखाद्या संध्याकाळी, चहापाणी झाल्यावर, त्यांना तो जवाब पूर्ण म्हणायला सांगा. मग विचारा की मंडईत हे अर्धवट दाखवलं तर चालेल का. त्यांनी विचार करून 'चालेल' म्हटलं, तर मंडईचा विषय तिथेच संपला, मग फक्त तुमच्या स्वतःच्या कामाबद्दल बोला. मला वाटतं ते तसं म्हणणार नाहीत.

दिग्दर्शकाशी फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर हे करू नका. त्याला घरी बोलवा, शक्यतो बाबांसमोर, आणि लॅपटॉप घेऊन ये म्हणा. सुरुवात ढोलकीच्या प्रसंगापासून करा, तो का चांगला झालाय ते सांगा. मग मंडईचा प्रसंग लावायला सांगा आणि निवेदनाचा आवाज बंद करून तोच प्रसंग पुन्हा लावायला सांगा. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये निवेदनाची पट्टी वेगळी असते, एका क्लिकमध्ये बंद होते. हे फार परिणामकारक असतं. दिग्दर्शकाने महिनोन्‌महिने ते दृश्य आपल्याच आवाजासकट ऐकलेलं असतं, त्याखाली काय आहे हे तो विसरलेला असतो. बाबांचा जवाब त्याला त्याच्याच लॅपटॉपवर ऐकू येऊ दे. तेवढ्या वेळात तुम्ही काही बोलू नका.

नंतर साध्या शब्दांत सांगा. काहीसं असं: "तू इथे बोलतोस तेव्हा गावातल्या माणसाला वाटतं की बाबांना जवाब आला नाही. तुझ्या वडिलांबद्दलचं मला समजतं, ते वाईट नाही, पण हा सिनेमा तू बाबांचा म्हणून सुरू केला होतास. मंडईचा सवाल-जवाब पूर्ण ठेव, त्याला सबटायटल्स पूर्ण दे, आणि तलावाच्या पाळीवरचं कमी कर." मागण्या एवढ्याच ठेवा. 'तू स्वार्थी आहेस', 'तू आम्हाला वापरलंस' असली वाक्यं खरी वाटली तरी टाळा, त्यावर तो फक्त स्वतःचा बचाव करत बसेल, आणि मग पुन्हा विषय तोच होईल, तो. त्याला एक आठवडा द्या. ठरलेलं कागदावर लिहून घ्या.

सबटायटल्सबद्दल ठाम राहा, कारण तिथे तुमचं काम आहे. तुम्ही दिलेल्या अर्थातलं त्याने किती ठेवलं ते ओळ न् ओळ तपासा. श्रेयनामावलीत 'आभार' या गर्दीत नाव नको, 'भाषांतर' या पदाखाली हवं. बाबांचं आणि फडातल्या प्रत्येक कलावंताचं नाव यायला हवं, समोरच्या फडाचंसुद्धा.

कायद्याचं थोडक्यात सांगते, म्हणजे कोणी भलतं काही सांगितलं तर फसणार नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलावंतांना सादरीकरणाचे हक्क आहेत, ते 1994 च्या दुरुस्तीने आले. 2012 च्या दुरुस्तीने त्यांत नैतिक हक्कांची भर पडली, ते कलम 38-बी मध्ये आहेत. आपलं नाव दिलं जावं, आणि आपल्या सादरीकरणाची नावलौकिकाला धक्का लागेल अशी मोडतोड होऊ नये, असं कलावंत मागू शकतो. पण केवळ संकलनासाठी किंवा ठरलेल्या वेळेत बसवण्यासाठी काही भाग काढला तर त्याला अशी मोडतोड मानत नाहीत, हेही त्याच कलमात आहे. म्हणून कोर्टाची भाषा तुमच्या कामाची नाही आणि ती तोंडात आणूही नका. बाबांनी संमतीपत्रावर सही केली असेल तर त्याची प्रत मात्र मागून घ्या आणि वाचा. अशी पत्रं बऱ्याचदा इंग्रजीत असतात आणि त्यांत जवळजवळ सगळंच लिहून दिलेलं असतं.

तो नाही म्हणाला तर? तर सिनेमा त्याचा आहे, तो थांबवता येणार नाही, आणि महोत्सवांत तो जाईल. पण मंडई तुमच्या गावाची आहे. बाबांनी स्टेजवर बसायचं की नाही हे बाबा ठरवतील. तेव्हा त्याच्यापुढे दुसरा पर्याय ठेवा: गावात तो 80 मिनिटांचा सिनेमा न दाखवता मंडईच्या रात्रीचं मूळ चित्रीकरण, सवालापासून जवाबापर्यंत न कापता, दाखवावं. तुकडे जोडायचे नाहीत, निवेदन घालायचं नाही, म्हणजे त्याला फारसं कामही नाही. गावाला खरं तर तेच बघायचं असेल, आपला शेजारी गर्दीत कुठे बसलाय ते शोधत. एवढंही त्याने नाकारलं, तर सबटायटल्ससाठी पुढे मदत करणं थांबवा आणि का थांबवली ते त्याला सांगा. संबंध तोडू नका. पोरगा चांगला आहे असं बाबा म्हणतात, आणि चार वर्षं घरात राहिलेल्या माणसाबद्दल त्यांचा अंदाज चुकला असेल असं मला वाटत नाही.

होकार असो की नकार, एक मागणी सोडू नका. चार वर्षांत त्याने बाबांचं जे जे गाणं चित्रित केलंय ते सगळं, सिनेमात घेतलेलं आणि न घेतलेलं, हार्ड डिस्कवर घालून द्यायला सांगा. डिस्क तुमची न्या, म्हणजे खर्चाची सबब राहणार नाही. अशा चित्रीकरणातला मोठा भाग सिनेमात कधीच येत नाही आणि दिग्दर्शकाच्या कपाटात पडून पडून खराब होतो. तुमच्या घरी त्याची एक प्रत आणि शाळेत दुसरी ठेवा. आणि बाबांना आता नीट दिसतंय, तर या हिवाळ्यात त्यांच्याबरोबर बसून गाण्यांची वही लावून घ्या. प्रत्येक जवाबाच्या वर तो कोणत्या सवालाचा आहे ते लिहा, सवाल टाकणाऱ्या शाहिराचं नाव आणि गाव लिहा, बाबांना साल आठवत असेल तर तेही.